लंडनच्या मृत्यूंचा हिशोब तपासणारा दुकानदार : जॉन ग्रॉन्ट

१६ जून २०२०. महाराष्ट्रातल्या कोरोना मृत्यूंच्या आकड्यात त्या दिवशी १,३२८ जुन्या मृत्यूंची एकदम भर पडली. त्यातले ८६२ एकट्या मुंबईतले होते. ही माणसं त्या दिवशी गेली नव्हती. ती आधीच्या दिवसांत आणि आठवड्यांत गेली होती, फक्त त्यांची नोंद कोरोनाच्या रकान्यात झालेली नव्हती. नोंदींची फेरतपासणी झाली आणि आकडा बदलला.

अशा वेळी सामान्य माणसाला प्रश्न पडतो. महापालिकेने दिलेला आकडा खरा की खोटा, हे ओळखायचं कसं? नोंद झाली तेव्हा आपण तिथे नव्हतो. नोंद करणाऱ्याला आपण ओळखतही नाही. मग एकतर आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा, नाहीतर सगळंच खोटं म्हणून सोडून द्यायचं. तिसरा रस्ता आहे का?

तिसरा रस्ता आहे, आणि तो साडेतीनशे वर्षांपूर्वी लंडनमधल्या एका दुकानदाराने दाखवला. त्याचं नाव जॉन ग्रॉन्ट. लोकसंख्याशास्त्राचा जनक म्हणून आज त्याचं नाव घेतलं जातं. तो डॉक्टर नव्हता, गणितज्ञ नव्हता आणि कुठल्याही विद्यापीठात शिकलेला नव्हता.

दुकान उघडण्याआधीचा अभ्यास

ग्रॉन्टचा जन्म २४ एप्रिल १६२० रोजी लंडनमधल्या बर्चिन लेन या गल्लीत झाला. वडील हेन्री कापडाच्या व्यापारात होते. मुलाने थोडंफार शिक्षण घेतलं आणि तो धंदा शिकायला लागला. बटणं, फिती, सुया, दोरे असं किरकोळ सामान विकण्याचा हा धंदा. आपल्याकडच्या कटलरीच्या दुकानाची आठवण व्हावी असा.

पण गडी हुशार होता. पहाटे लवकर उठून, दुकान उघडायच्या आधी तो अभ्यास करायचा. लॅटिन आणि फ्रेंच भाषा त्याने अशाच शिकून घेतल्या. धंद्यात जम बसला, शहरात मान मिळाला. तो शहराच्या कौन्सिलवर गेला आणि नागरी सैन्यात आधी कॅप्टन, मग मेजर झाला. भांडण मिटवायला लोक त्याच्याकडे यायचे.

त्याचा वशिला किती होता याचा एक मजेदार किस्सा आहे. विल्यम पेटी नावाचा त्याचा एक मित्र होता, पेशाने डॉक्टर. लंडनच्या ग्रेशम कॉलेजात संगीताच्या प्राध्यापकाची जागा निघाली आणि ग्रॉन्टच्या शब्दामुळे ती या डॉक्टरला मिळाली. हाच पेटी पुढे इंग्लंडमधला मोठा अर्थशास्त्रज्ञ म्हणून ओळखला गेला.

दर गुरुवारी निघणारं पत्रक

त्या काळी लंडनमध्ये मृत्यूंचं एक छापील साप्ताहिक पत्रक निघायचं. त्याला 'बिल्स ऑफ मॉर्टॅलिटी' म्हणत. प्लेगच्या साथींमुळे ही पद्धत सुरू झाली आणि १६०३ पासून पत्रक सलग निघू लागलं. शहराच्या कुठल्या भागात किती माणसं गेली, त्यातली प्लेगने किती, हे त्यात असे. १६२९ पासून इतर आजारांची नावंही छापली जाऊ लागली.

आकडे गोळा करण्याची व्यवस्था अशी होती. शहर पॅरिशमध्ये वाटलेलं होतं. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग. आजच्या वॉर्डासारखी बरीच कामं तिथूनच चालत आणि गरिबांना मदत देण्याची कायदेशीर जबाबदारीही पॅरिशवरच होती. कुणी गेलं की चर्चची घंटा वाजे किंवा कबर खणायला सांगितली जाई. मग पॅरिशने नेमलेल्या दोन बायका त्या घरी जात, प्रेत पाहत, चौकशी करत आणि मृत्यूचं कारण पॅरिशच्या कारकुनाला कळवत. मंगळवारी रात्री सगळ्या पॅरिशचे हिशोब एका ठिकाणी पोहोचत. बुधवारी छपाई होई आणि गुरुवारी पत्रक घरोघरी जाई. वर्षाची वर्गणी चार शिलिंग.

लोक हे पत्रक घेऊन काय करायचे? श्रीमंत मंडळी प्लेगचा आकडा बघून गाव सोडायचं की नाही ते ठरवत. व्यापारी धंद्याचा अंदाज बांधत. बाकीचे 'या आठवड्यात बघा काय विचित्र मरण आलंय' म्हणून गप्पा मारत. नंतर ते पत्रक रद्दीत जाई.

ग्रॉन्टने ती रद्दी गोळा केली. जुनी पत्रकं मिळवली, वर्षावर्षाचे तक्ते मांडले आणि दुकानाच्या वहीवर जे गणित करतो तेच त्यांच्यावर केलं. त्यातून १६६२ साली त्याचं छोटं पुस्तक निघालं. मृत्यूंच्या पत्रकांवरून काढलेली नैसर्गिक आणि राजकीय निरीक्षणं, असा त्याच्या नावाचा अर्थ.

नोंद करणारी माणसं कोण?

पुस्तकाची खरी ताकद पुढच्या प्रश्नात आहे. आकडे वापरण्याआधी ग्रॉन्टने विचारलं की हे लिहिलं कुणी?

प्रेत पाहणाऱ्या त्या बायका बहुतेक वयस्कर आणि गरीब विधवा असत. पुष्कळदा त्या स्वतःच पॅरिशच्या मदतीवर जगत. त्यांना वैद्यकाचं शिक्षण नव्हतं. मग त्यांनी लिहिलेलं आजाराचं नाव खरं मानायचं का?

ग्रॉन्टने यावर सरसकट उत्तर दिलं नाही. त्याने रकाने वेगवेगळे केले. खून, बुडून मरण, अपघात, बाळंतपण, देवी ही कारणं कुणालाही डोळ्यांनी कळतात, तिथे नोंद बहुधा बरोबर असणार. वय झालेला माणूस म्हातारपणाने गेला की आणखी कशाने, यात थोडी चूक झाली तरी फारसं बिघडत नाही. पण ज्या कारणात लाज आहे किंवा ज्या नोंदीने घरच्यांचं नुकसान होणार आहे, तिथे नीट बघायला हवं.

म्हणजे एकाच पत्रकातला एक आकडा भरवशाचा आणि दुसरा बिनभरवशाचा असू शकतो. आज ही गोष्ट साधी वाटते. ती लिहून दाखवणारा तो पहिल्यांपैकी एक होता.

गरमीचे रोगी गेले कुठे?

ग्रॉन्टने २० वर्षांच्या पत्रकांची बेरीज केली. १६२९ ते १६३६ ही आठ वर्षं आणि १६४७ ते १६५८ ही बारा. एकूण मृत्यू २,२९,२५०. त्यात गरमीने, म्हणजे उपदंशाने, गेलेले फक्त ३९२.

लंडनमध्ये हा रोग किती पसरलाय हे सगळ्यांना ठाऊक होतं. मग आकडा इतका लहान कसा? ग्रॉन्टने पाहिलं की या नोंदी मुख्यतः दोनच पॅरिशमधून आल्या आहेत. बाकीच्या शहरात जणू हा रोगच नाही. दुसरीकडे क्षयाच्या रकान्यात ४४,४८७ मृत्यू होते.

त्याने लावलेला अर्थ असा. रोगाने माणूस वाळून काडी होतो आणि क्षयातही होतो. घरच्यांना अब्रू वाचवायची असते. ते त्या बाईला बिअरचा पेला देतात, चार पेन्सांच्या एका नाण्याऐवजी दोन नाणी हातावर ठेवतात आणि नोंद क्षयाची होते. उपदंशाच्या रकान्यात उरतात ती ज्यांचं नाक झडलं होतं अशी, नाहीतर ज्यांची अब्रू झाकायला कुणी नव्हतं अशी माणसं.

इथे ग्रॉन्टने हात झटकले नाहीत. हरवलेला आकडा कुठेतरी गेलाच असणार, आणि तो बहुधा शेजारच्या रकान्यात सापडेल, हा त्याचा धडा होता.

प्लेगचा लपवलेला चौथा हिस्सा

हीच युक्ती त्याने प्लेगवर वापरली, आणि इथे तर जिवाचा प्रश्न होता.

घरात प्लेगचा रोगी आहे असं जाहीर झालं की ते घर बंद केलं जाई. दारावर खूण, बाहेर पहारा आणि आत निरोगी माणसांसकट सगळं कुटुंब कोंडलेलं. त्यामुळे मृत्यूचं खरं कारण सांगणं म्हणजे मागे राहिलेल्यांना धोक्यात घालणं होतं. लोक लपवणार नाहीत तर काय करतील?

१६२५ च्या साथीत पत्रकांनी प्लेगचे सुमारे ३५ हजार मृत्यू दाखवले होते. ग्रॉन्टने तो आकडा बाजूला ठेवला आणि उरलेले पाहिले. त्या वर्षी प्लेग सोडून इतर कारणांनी सुमारे १८ हजार माणसं गेली होती. आधीच्या आणि नंतरच्या वर्षांत हाच आकडा ७ ते ८ हजार असे. एका वर्षात इतर सगळे आजार एकदम दुपटीहून जास्त कसे वाढतील? म्हणजे जास्तीचे जवळपास ११ हजार मृत्यूही प्लेगचेच. त्याचा निष्कर्ष होता की पत्रकात दिसतं त्याहून प्लेगचे बळी सुमारे एक चतुर्थांशाने अधिक आहेत.

नेहमीच्या वर्षात किती माणसं जातात ते काढा, साथीच्या वर्षाचा एकूण आकडा घ्या आणि फरक बघा. आज याला 'अतिरिक्त मृत्यू' म्हणतात.

बाळं कमी झाली की नोंदी?

जन्मांचा हिशोब बाप्तिस्म्याच्या नोंदीवरून होई. १६४० च्या दशकात, यादवी युद्धाच्या काळात, हे आकडे घसरू लागले. लंडनमध्ये मुलं जन्मायची कमी झाली होती का?

ग्रॉन्टने बाळंतपणात दगावलेल्या बायकांचा आणि गर्भपातांचा रकाना पाहिला. जन्म खरोखर कमी झाले असते तर हे आकडेही त्याच प्रमाणात उतरले असते. ते तसे उतरले नव्हते. म्हणजे बाळं जन्मत होती, नोंद होत नव्हती. धर्माबद्दलची मतं बदलल्यामुळे काही पालक बाप्तिस्माच करत नव्हते आणि नोंदवह्यांकडेही दुर्लक्ष झालं होतं.

मुडदुसाबद्दलही त्याने असाच प्रश्न केला. हा आजार पत्रकात १६३४ साली पहिल्यांदा दिसतो, १४ मृत्यूंसह. आजार खरंच नवा, की जुन्या आजाराला फक्त नवं नाव मिळालं? ते ठरवण्यासाठी त्याने मिळत्याजुळत्या आजारांचे रकाने शेजारी मांडले. मुडदूस वाढताना दुसरा रकाना तेवढाच घटतोय का, हे पाहणं हाच त्याचा मार्ग.

लंडनमध्ये माणसं किती?

त्या काळी शहराची जनगणना नव्हती. लंडनमध्ये लाखो नव्हे, काही दशलक्ष लोक आहेत असं शिकलेली माणसंही बोलत. ग्रॉन्टने हिशोब मांडला. वर्षाला साधारण १२ हजार जन्म. दोन वर्षांतून एक मूल धरलं तर मूल होण्याच्या वयातल्या २४ हजार बायका. एकूण कुटुंबं त्याच्या दुप्पट, म्हणजे ४८ हजार. नवरा, बायको, मुलं, नोकर, भाडेकरू धरून घरटी आठ माणसं. उत्तर आलं ३ लाख ८४ हजार.

एका उत्तरावर तो थांबला नाही. काही पॅरिशमध्ये दर ११ कुटुंबांमागे वर्षाला तीन मृत्यू होतात हे त्याने पाहिलं आणि त्यावरून पुन्हा कुटुंबं मोजली. मग शहराचा नकाशा घेऊन एका चौकोनात किती घरं बसतात यावरून तिसऱ्यांदा मोजली. तिन्ही उत्तरं ४८ हजारांच्या आसपास आली. वेगवेगळ्या वाटांनी गेल्यावर एकच उत्तर येत असेल, तर आकडा विश्वासाला पात्र.

लंडनमध्ये दर १३ मुलींमागे १४ मुलगे जन्मतात, हे प्रमाणही त्यानेच आकड्यांतून दाखवलं. पत्रकात वय दिलेलं नसताना, फक्त लहान मुलांच्या आजारांवरून त्याने काढलं की जन्मलेल्या १०० पैकी ३६ मुलं सहा वर्षांची होण्याआधीच जातात. त्यापुढे १६ व्या वर्षी ४०, २६ व्या वर्षी २५ आणि ७६ व्या वर्षी फक्त एक उरतो, असा तक्ता त्याने मांडला. मधले आकडे त्याचा अंदाज होते, पण विमा आणि पेन्शनच्या हिशोबाला लागणाऱ्या तक्त्यांची सुरुवात इथून झाली. १६९३ मध्ये धूमकेतूवाल्या एडमंड हॅलीने ब्रेस्लाऊ शहराच्या नोंदींवरून असाच तक्ता केला. त्या नोंदींत वय होतं, त्यामुळे तो तक्ता जास्त पक्का झाला.

भुकेने फक्त ५१?

एका ठिकाणी मात्र ग्रॉन्टची स्वतःची पद्धत त्याच्या हातून सुटली असावी.

त्या २,२९,२५० मृत्यूंमध्ये, दूध पाजायला ठेवलेली तान्ही मुलं सोडली तर, भुकेने मेलेले फक्त ५१ होते. रस्त्यांवर भिकारी तर पुष्कळ दिसत. ग्रॉन्टने अर्थ काढला की त्यांना कुणी ना कुणी खायला घालतंच आहे. लोक भिकेतून हा खर्च करतच असतील, तर सरकारनेच भिकाऱ्यांना पोसावं, म्हणजे त्यांनी भीक मागत फिरायला नको, असं त्याने सुचवलं. मृत्यूच्या नोंदीवरून गरिबांसाठीच्या योजनेचा विचार करणं, हे त्या काळी नवंच होतं.

पण ती ५१ ची नोंदही त्याच बायकांनी केली होती. त्यांना पगार देणारी पॅरिश आणि गरिबाला उपाशी न ठेवण्याची जबाबदारी असलेली पॅरिश एकच. 'भुकेने मेला' असं लिहिणं म्हणजे आपल्याच मालकाची चूक लिहिणं. उपाशी माणूस शेवटी तापाने किंवा अशक्तपणानेच जातो, मग नोंद तशीच होणार. उपदंशाच्या आकड्याची केली तशी उलटतपासणी ग्रॉन्टने इथे केली नाही. मेळघाटातल्या बालमृत्यूंवर बोलताना 'कुपोषण की आजार' हा वाद आपल्याकडे का संपत नाही, हे यावरून समजतं.

राजाची शिफारस आणि प्लेगची परीक्षा

फेब्रुवारी १६६२ मध्ये ग्रॉन्टने पुस्तकाच्या ५० प्रती रॉयल सोसायटीला भेट दिल्या. त्याच महिन्यात त्याला सदस्य करून घेतलं गेलं. दुकानदाराला विद्वानांच्या सभेत घ्यायचं का, असा प्रश्न निघू शकला असता. पण राजा दुसरा चार्ल्स याने स्वतःच त्याची शिफारस केली आणि असे आणखी दुकानदार सापडले तर त्यांनाही लगेच घ्या, असं सुचवल्याचं सांगतात.

तीनच वर्षांत लंडनवर मोठा प्लेग आला. १६६५ च्या पत्रकांत एकूण ९७,३०६ मृत्यू आणि त्यात प्लेगचे ६८,५९६. सॅम्युअल पेपिस या सरकारी अधिकाऱ्याने रोजनिशीत त्या ऑगस्टमधली एक भेट लिहून ठेवली आहे. त्याच्या पॅरिशच्या कारकुनाने त्याला रस्त्यात सरळ सांगितलं की या आठवड्यात नऊ जण गेले, पण आपण सहाच कळवले. आज अभ्यासक त्या साथीतल्या प्लेगबळींचा आकडा एक लाखाच्या आसपास मानतात. ग्रॉन्टने तीन वर्षांपूर्वी दाखवलेली चूक पुन्हा तशीच झाली होती.

आग, अफवा आणि शेवट

२ सप्टेंबर १६६६ ला लंडनला आग लागली. ग्रॉन्टचं घर त्यात गेलं. पेटीने मदत केली, पण आर्थिक घडी पुन्हा बसली नाही. पुढे त्याने कॅथलिक पंथ स्वीकारला. त्या काळच्या इंग्लंडमध्ये याची किंमत मोजावी लागे. त्याची पदं गेली, धंदा बुडाला.

त्याच्या मृत्यूनंतर एक भयंकर अफवा छापूनही आली. शहराला पाणी पुरवणाऱ्या न्यू रिव्हर कंपनीत ग्रॉन्ट होता आणि आगीच्या आदल्या रात्री त्याने पाणी बंद केलं, अशी. खोटेपणा तारखेनेच उघड होतो. कंपनीच्या कारभारात त्याचा प्रवेश २५ सप्टेंबरला झाला, आग लागल्यावर २३ दिवसांनी.

१८ एप्रिल १६७४ रोजी कावीळ होऊन तो गेला. वय ५३. फ्लीट स्ट्रीटवरच्या सेंट डन्स्टन चर्चमध्ये त्याला पुरलं. अंत्यविधीला पेटी रडत होता. पुस्तक खरं तर पेटीनेच लिहिलं, असाही वाद नंतर झाला, पण बहुतेक अभ्यासक श्रेय ग्रॉन्टलाच देतात.

आपल्यासाठी यात काय आहे?

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा घरझडती आणि सक्तीच्या इस्पितळाच्या भीतीने लोकांनी रोगी लपवले. लंडनसारखंच. कोरोनानंतर जागतिक आरोग्य संघटनेने २०२० आणि २०२१ मधले भारताचे अतिरिक्त मृत्यू सुमारे ४७ लाख असल्याचा अंदाज दिला. अधिकृत आकडा सुमारे ४ लाख ८० हजार होता. केंद्र सरकारने संघटनेच्या मोजणीच्या पद्धतीवर आक्षेप घेतला. वाद आकड्यावर आहे, पण प्रश्न ग्रॉन्टचाच आहे. नेहमीपेक्षा जास्त किती गेले?

भारतात जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे. तरी २०२० मध्ये नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरने कारण प्रमाणित केलेले मृत्यू पाव हिश्शाहूनही कमी होते. बाकीच्या ठिकाणी कारण कोण सांगतं? घरचे, शेजारी, नोंद घेणारा कर्मचारी.

म्हणून पुढच्या वेळी महापालिकेचा एखादा आकडा, मग तो मृत्यूंचा असो, कुपोषित मुलांचा असो की बेघरांचा, समोर आला तर तीन गोष्टी विचारून बघा.

- ही नोंद प्रत्यक्ष दारात जाऊन कुणी केली, आणि त्याला ती ओळखता येण्यासारखी होती का?
- खरी नोंद झाली तर कुणाची अडचण होणार होती, घरच्यांची की नोंद करणाऱ्या खात्याची?
- हा आकडा कमी झाला तेव्हा शेजारचा कुठला रकाना वाढला?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधायला ग्रॉन्टला जुनी पत्रकं जमवावी लागली होती. ती जपून ठेवलेली होती आणि कुणालाही पाहता येत होती, म्हणूनच पॅरिशने लपवलेलं पॅरिशच्याच कागदात त्याला सापडलं.